अर्चना तायडे टेबलावरून उठते

आमच्या कोचिंग क्लासच्या स्टाफरूममध्ये अर्चना तायडे पहिल्यांदा आली, तेव्हा तिच्या एका हातात हेल्मेट होतं आणि दुसऱ्या हातात स्टीलचा डबा. संचालकांनी ओळख करून दिली. "या तायडे मॅडम. एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्स. आठवड्यातले दोन दिवस मॅथ्स घेतील."

फिजिक्सच्या राऊत सरांनी सहज विचारलं, "अन् बाकीचे पाच दिवस काय करता मॅडम?"

"पत्ते खेळते," ती म्हणाली, आणि डबा ठेवायला जागा पाहू लागली.

आम्ही हसलो. नव्या बाईनं गंमत केली असं वाटलं. ती गंमत नव्हती हे कळायला आम्हाला महिना लागला. अर्चना पोकर खेळायची. साईनगरमधल्या भाड्याच्या खोलीत, ठरलेल्या वेळी ऑफिसला बसावं तशी कॉम्प्युटरपुढे बसायची, आणि वर्षातून दोन-तीनदा गोव्याला जाऊन प्रत्यक्ष टेबलावर खेळून यायची. तिचं पोट त्यावरच होतं. क्लासचा पगार तिच्या पेट्रोलला पुरत असेल नसेल.

दिसायला मात्र ती पोस्टाच्या खिडकीत बसलेली शोभली असती. पस्तिशीची, बुटकी, घट्ट वेणी, सुती कुर्ता, नाकावरून घसरणारा चष्मा. चेहरा असा की त्यावरून काही म्हणजे काही कळू नये. तिनं वर्गात विनोद केला तरी पोरं अर्धा मिनिट थांबून, तिला राग आला नाही ना हे पाहून हसायची.

"मग शिकवता कशाला?" मी एकदा विचारलं.

"आठवड्यातून दोनदा तरी माणसं दिसली पायजेत, सर. स्क्रीनवर नुसती नावं दिसतात."

मी केमिस्ट्री शिकवायचो. राहायला अकोल्याला, रोज सकाळच्या गाडीनं बडनेरा, तिथून ऑटोनं अमरावती, आणि संध्याकाळी उलट. पत्त्यांतलं मला रमीपलीकडे काही कळत नाही. तिनं एका चहात मला पोकर समजावलं होतं. प्रत्येकाच्या हातात दोन पानं, ती ज्याची त्यालाच दिसतात. मध्ये पाच पानं एकेक करून उघडी पडतात, ती सगळ्यांची. आपला डाव चांगला वाटला तर बोली वाढवायची, नाही वाटला तर पानं टाकून द्यायची.

"याच्यात खेळनं कमी आन् टाकनं जास्त हाये," ती म्हणाली. "दहातले आठ डाव मी टाकूनच देते. लोकायले वाटते आमी लय धाडसी. मी तं दिवसभर नुसती नाही नाही म्हनत बसलेली असते."

तिच्यापुढे 'नक्की' हा शब्द वापरायची सोय नव्हती. क्लासचा क्लार्क म्हणाला, "मॅडम, प्रश्नपत्रिकांच्या झेरॉक्स उद्या नक्की येतात," की ती चष्मा वर सरकवून विचारायची, "नक्की म्हणजे? शंभरदा असं म्हटलं तर किती वेळा येतात?" तो बिचारा पहिल्यांदा चिडला. मग छताकडे पाहून म्हणाला, "साठेक वेळा येत असतील." "मग टेस्ट परवा ठेवा," असं म्हणून ती खडू घेऊन वर्गात गेली. झेरॉक्स परवाच आल्या. पुढे आम्हा सगळ्यांनाच ती खोड लागली. मी घरी फोनवर "सातच्या गाडीनं येतो, सत्तर टक्के" असं म्हणालो, तेव्हा बायकोनं "शंभर टक्के येत असाल तर कुकर लावते" असं म्हणून फोन ठेवला होता.

एका संध्याकाळी ती मला स्कूटीवरून ऑटोस्टँडवर सोडत होती. राजकमल चौकात एक ऑटो चाटून गेला, तिचा आरसा तुटून खाली पडला, आणि चूक त्याची असून तो ऑटोवालाच शिव्या देऊन निघून गेला. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, चला, त्याला पुढच्या सिग्नलवर गाठू. अर्चनानं स्कूटी बाजूला लावली आणि एका बंद दुकानाच्या ओट्यावर जाऊन बसली.

"तुमची गाडी कितीची हाये?"

"अर्धा तास आहे."

"मंग चुकते ती. बसा."

तिचा चेहरा नेहमीसारखाच कोरा होता. मला वाटलं, हिला काहीच वाटलं नाही. तेवढ्यात तिनं उजवा हात माझ्यापुढे धरला. तो थरथरत होता.

"हे थांबलं की निघू," ती म्हणाली. "माह्या धंद्यात सगळ्यात जास्त नुकसान वाईट पानांनी होत नाही, सर. चांगला डाव हरल्यावर जो पुढचा डाव खेळतो ना, त्याच्यात होते. डोकं तापलेलं असते, आन् मानसाले वाटते आत्ताच्या आत्ता भरून काढतो."

पंधरा-वीस मिनिटं आम्ही त्या ओट्यावर बसलो. तिनं पर्समधून फुटाणे काढले, अर्धे मला दिले. हात थांबल्यावर ती उठली, तिनं रस्त्यातून आरशाचा सांगाडा उचलून डिकीत टाकला आणि आम्ही निघालो. माझी गाडी चुकली. पण त्यानंतर आजवर मी रागात कोणाला फोन केलेला नाही, याचं श्रेय त्या ओट्याला आहे.

राऊत सरांना तिचा हा धंदा फार आवडला होता. घरी बसून, पंख्याखाली, बुद्धीच्या जोरावर! त्यांनी तिच्यामागे लकडा लावला, "मॅडम, मले शिकवा." ती कोणालाच शिकवायची नाही, वर्गातल्या पोरांनी नुसता पोकर शब्द काढला तरी त्या दिवशीचा गृहपाठ दुप्पट व्हायचा. पण राऊत सर ऐकेनात. शेवटी तिनं त्यांना दोनशे पानी वही आणून दिली.

"महिनाभर पत्त्यांले हात लावायचा नाही. दिवसभरात तुमी जे ठरवता ते याच्यात लिहायचं. कोनत्या रस्त्यानं आलो, पोराले काय म्हटलं, कोनती भाजी घेतली. ठरवतानाच लिहायचं, आन् आपलं बरोबर हाये याची किती खात्री आहे तेही लिहायचं. महिन्यानं मले दाखवा."

राऊत सरांनी सहा दिवस लिहिलं. सातव्या दिवशी वही त्यांच्या मुलीच्या इतिहासाच्या नोट्सला गेली. "हे लय बोअर हाये मॅडम," ते म्हणाले. "तेच तं," अर्चना म्हणाली. "असंच असते ते." त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. हे तिनं मुद्दाम केलं होतं हे त्यांना अजून माहीत नसावं. वाचलं तर आता कळेल.

तशी एक वही तिचीही होती. मी ती एकदा पाहिली. तिच्यात पैशाचा आकडा एकही नव्हता. तारीख, डावाची दोन ओळींत हकिकत, आणि समोर तीनपैकी एक शेरा: बरोबर, चूक, माहीत नाही. पुष्कळ ठिकाणी 'बरोबर' लिहिलेले डाव ती हरलेली होती, आणि काही ठिकाणी 'चूक' असूनही जिंकलेली.

"निकालावरून निर्णय मोजला का मानूस बिघडते," ती म्हणायची. "दारू पिऊन गाडी चालवत सुखरूप घरी आला, म्हनून काय त्याचं बरोबर होतं?"

आणि 'माहीत नाही' या शेऱ्यावरून राऊत सरांची झोप उडाली ती गोष्ट. गोव्याला एका मोठ्या स्पर्धेत अर्चनाच्या हातात दोन राजे आले. सुरुवातीला हातात येणाऱ्या पानांत याच्याहून भारी जोडी एकच, दोन एक्के. समोर एक म्हातारे व्यापारी होते. दोन तास त्यांनी फारसं काही केलं नव्हतं, नुसतं पाणी पीत बसले होते. त्यांनी एकदम आपलं सगळं बोलीवर लावलं. अर्चनानं तीन मिनिटं विचार केला आणि दोन्ही राजे उपडे टाकून दिले.

"मग? त्याच्याकडे एक्के होते का?" राऊत सर खुर्चीच्या टोकावर आले होते.

"माहीत नाही. त्यांनी पानं दाखवली नाहीत."

"पन तुमी विचारलं नाही?"

"विचारलं तरी खरं कोन सांगते?"

"मग तुमचं बरोबर होतं का चूक?"

"माहीत नाही, सर."

राऊत सर पुढचे कित्येक दिवस मध्येच वर्गातून येऊन म्हणायचे, "एक्केच असतील. बुढा दोन तास काहून बसला असता?" आणि दुसऱ्या दिवशी, "नाही, फेकत होता तो." अर्चना डबा उघडून शांतपणे भाकरी खात असायची. काही गोष्टी आयुष्यभर कळणार नाहीत, आणि त्या न कळता जेवता येतं, हे मी तिच्याकडे पाहून शिकलो. पूर्ण शिकलो असं नाही.

तिचे आईवडील मूर्तिजापूरला असत. वडील रेल्वेत पॉइंट्समन होते, रुळांचे सांधे बदलायचे आणि गाड्यांना सिग्नल द्यायचे. आधी छोट्या लाइनवर, शकुंतलेवर, आणि ती बंद पडल्यावर मोठ्या लाइनवर, निवृत्तीपर्यंत. अबोल माणूस. आई त्यांच्या वाटणीचंही बोलायची. एका बुद्ध पौर्णिमेला अर्चनानं मला आणि माझ्या बायकोला खिरीला बोलावलं. घर लहान, स्वच्छ, समोरच्या भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, खाली अर्चनाच्या एम.एस्सी.च्या पदवीदानाचा फोटो. त्या फोटोला ताजा हार होता. आई म्हणाली, "सनावाराले घालतो मी. आमच्या घरातलं पयलं एमेस्सी हाये ते."

जेवण झाल्यावर तिनं माझ्याकडे मोर्चा वळवला.

"सर, तुमी शिकोता, हे बी शिकोते. मंग बाकीचं काहून करते? मी लोकायले सांगतो, माही पोरगी कंप्युटरवर काम करते. खोटं नाई बोलत. पन खरं बी नाई बोलत."

"आई," अर्चना म्हणाली.

"नाई, सरासमोरच इचारतो. तू जितते तवा कोनी तरी हारतच असन ना? त्याच्या घरी काय होत असन मंग?"

अर्चना खिरीचं पातेलं घेऊन उभी होती. तिनं माझ्या बायकोला आणखी खीर वाढली. आम्हाला स्टेशनवर सोडताना मात्र आपणहून म्हणाली, "सर, जगात कोनाच्याही प्रश्नाले मी आकड्यात उत्तर देऊ शकते. आईच्या ह्या प्रश्नाले नाही."

दीडेक वर्षानं वडिलांच्या पोटात दुखायला लागलं. मुतखडा असेल म्हणून अकोल्याला सोनोग्राफी केली. खडा निघाला नाही. पोटातली मोठी रक्तवाहिनी एका जागी फुग्यासारखी फुगलेली निघाली. फुटली तर माणूस हाताला लागणं कठीण. ऑपरेशन करायचं तर वय बहात्तर, त्यात बिडीनं खराब केलेली फुप्फुसं. एक डॉक्टर म्हणाले, करून टाका. दुसरे म्हणाले, सहा महिने थांबून पुन्हा पाहू. नातेवाईक म्हणाले, या वयात कापाकापी काहून करता.

मी अकोल्याचाच, म्हणून ती मला सोबत घेऊन दोन्ही डॉक्टरांकडे गेली. तिनं कागदावर प्रश्न लिहून नेले होते आणि दोघांनाही तेच, त्याच क्रमानं विचारले. बाबांसारखे शंभर पेशंट तुमच्यापुढे आले तर ऑपरेशननंतर किती जण घरी जातात? थांबलेल्यांतले किती जण पुढच्या वर्षी भेटायला येतात? आणि तुमचं मत कशानं बदलेल? हा तिसरा प्रश्न ऐकून थांबा म्हणणारे डॉक्टर जरा विचारात पडले. म्हणाले, फुगा वाढत असेल तर. मग तिनं पर्समधून दोन वर्षांपूर्वीच्या सोनोग्राफीचा एक जुना रिपोर्ट काढला. तेव्हा तो फुगा लहान होता आणि कोणाचं लक्ष गेलं नव्हतं. डॉक्टरांनी दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले, बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "मग मीही करा म्हणेन."

घरी जाऊन तिनं वडिलांना सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. ऑपरेशनमध्येच काही होऊ शकतं, हेही. वडिलांनी ऐकून घेतलं.

"तू काय म्हन्ते?"

"मी म्हन्ते करावं. पन शरीर तुमचं हाये, बाबा."

"मंग करू," ते म्हणाले, आणि रेडिओ लावला.

ऑपरेशनच्या सकाळी दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून अर्चना वहीत लिहीत होती. मी डबा घेऊन पोचलो तेव्हा तिनं ते पान मला दाखवलं. 'ऑपरेशन करणे.' खाली तीन कारणं. आणि समोर शेरा: बरोबर.

"आत्ताच लिहिलं?"

"निकालाच्या आधीच लिहावं लागते, सर. नंतर मानूस खोटं बोलते."

डॉक्टरांनी तीन तास सांगितले होते. तीन तास झाले. चार झाले. दारावरचा लाल दिवा तसाच. एक नर्स घाईघाईनं बाहेर गेली आणि रक्ताच्या दोन पिशव्या घेऊन पुन्हा आत गेली. आम्ही विचारलं तर म्हणाली, "चालू आहे."

अर्चना बाकावर ताठ बसली होती. चेहऱ्यावरची रेषही हलली नव्हती. आई शेजारी बसून दाराकडे बघत नव्हती. ती सारखी अर्चनाच्या तोंडाकडे बघत होती. लेक शिकलेली, लेकीला सगळं कळतं, तर काय चाललंय ते तिच्या तोंडावरून कळेल, अशा आशेनं. आणि तिथं काहीच नव्हतं. पाचव्या तासाला आईचा धीर सुटला.

"अवं, काई तं दिसू दे तोंडावर!" ती एवढ्यानं ओरडली की पलीकडच्या बाकावरचे लोक वळले. "मी तुही माय हावो, अर्चना! समोरचा गडी नोय मी!"

अर्चनानं तिच्याकडे पाहिलं. मग तिची हनुवटी हलली, आणि इतकी वर्षं मी न पाहिलेला एक चेहरा त्या चष्म्यामागून बाहेर आला. ती आईच्या मांडीवर वाकली आणि हुंदके देऊन रडली. "मले भेव लागून राहिलं, आई. लय भेव लागून राहिलं." आई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि, खरं सांगायचं तर, आईचा चेहरा पहिल्यांदा जरा सैल झाला होता. भीती दोघींनी वाटून घेतली होती.

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "मॅडम, निर्णय बरोबरच होता. तुम्हीच लिहिलंय."

"निर्णय गेला चुलीत, सर," ती तोंड न उचलता म्हणाली. "आज मले निकालच पायजे."

वीस मिनिटांनी दिवा विझला. सर्जन टोपी काढत बाहेर आले. रक्तस्राव झाला होता, त्यामुळे वेळ लागला. पण झालं, व्यवस्थित झालं. आई तिथंच खाली बसली आणि भिंतीला टेकून हसायला लागली. तिचं हसणं थांबेना. मी बाहेर येऊन बायकोला फोन केला आणि कुकर लावायला सांगितलं. संध्याकाळी आयसीयूत एकेकाला सोडलं. अर्चना आत जाऊन आली आणि डोळे पुसत, हसत म्हणाली, "बाबा गुंगीत इचारून राहिले, सिग्नल देल्ला का. मी म्हटलं, देल्ला बाबा, लाइन क्लियर."

दहाव्या दिवशी ते घरी गेले.

त्यानंतर काही महिन्यांतच पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ सगळ्या देशात कायद्यानं बंद झाले. बातमी आली त्या दिवशी स्टाफरूममध्ये मयताला आल्यासारखे सगळे बसले होते. राऊत सरांनी आवाज खाली आणून म्हटलं, "वाईट झालं मॅडम." अर्चनानं पिशवीतून संत्रा बर्फीचा डबा काढून टेबलावर ठेवला.

"हे कशाचं?"

"धंदा गेला त्याचं. घ्या."

संध्याकाळी ती माझ्याबरोबर बडनेऱ्यापर्यंत आली. तिला मूर्तिजापूरला जायचं होतं. गाडीला वेळ होता. प्लॅटफॉर्मच्या टोकाला बसून तिनं मला जे सांगितलं ते तिनं तोवर कोणाला सांगितलं नव्हतं.

तिच्या टेबलावर एक माणूस यायचा. स्क्रीनवरचं नाव 'बाबूजी'. खरा कोण, कुठला, तिला माहीत नव्हतं. आधी बरा खेळायचा. मग एका आठवड्यात बिघडला. प्रत्येक डाव खेळायचा, हरला की दुप्पट लावायचा. त्या तापलेल्या डोक्याची तिला नीट ओळख होती. एके दिवशी तिनं त्याला लिहिलं, 'दादा, आज उठा.' त्यानं शिवी दिली. तीच उठून गेली.

"पन दुसऱ्या दिवशी मी पुन्हा बसली, सर. तोही होता. आन् त्या दिवशी मी उठली नाही."

तिनं चहावाल्याला थांबवून दोन चहा घेतले.

"मले वाटायचं, मी टाकून द्यायमंदी लय हुशार हावो. पानं टाकता येत होती. टेबल टाकता आलं नाही. दोन वर्सं रोज ठरवलं, आन् रोज बसली. सरकारनं केलं ते बरं का वाईट, त्याच्यावर मी बोलत नाही. काही चांगले पोट्टे घरी बसले, मले माहीत हाये. पन मी माह्यापुरतं सांगते. मी सुटली."

आणि ती खरोखरच सुटल्यासारखी दिसत होती. खांदे खाली आले होते. गाडी आल्यावर ती गर्दीतून पुढे घुसली आणि खिडकीजवळची जागा मिळवून तिनं मला हाक मारून बसवलं. घरी गेल्यावर आईनं काय केलं, ते तिनं दुसऱ्या दिवशी सांगितलं. पुरणपोळी केली होती.

पुढे तिनं अमरावतीची खोली सोडली आणि मूर्तिजापूरहूनच ये-जा करून आमच्याकडे पूर्ण वेळ शिकवू लागली. वडिलांच्या ऑपरेशनची गोष्ट गावात पसरली होती. 'तायडेच्या पोरीनं डॉक्टरले असे सवाल केले' वगैरे. रविवारी लोक रिपोर्टांच्या पिशव्या घेऊन यायला लागले. ती पहिलं वाक्य नेहमी एकच बोलायची: "मी डॉक्टर नाही. काय करायचं ते मी सांगनार नाही. डॉक्टरले काय इचारायचं ते आपन मिळून लिहू." पैसे घेत नसे. आई सगळ्यांना चहा करायची आणि आता शेजाऱ्यांना पोरीचं काम काय ते बिनधास्त सांगायची.

गेल्या हिवाळ्यात मी क्लास सोडला. गुडघ्यांना रोजची गाडी झेपेना. निरोपाचा कार्यक्रम झाला, त्यानंतरच्या रविवारी मी मुद्दाम मूर्तिजापूरला उतरलो. अर्चनाला मी पाहिलं ते त्या दिवशी शेवटचं. फोन होतात, भेट झालेली नाही.

अंगणात चांदूर बाजारकडचं एक जोडपं बसलं होतं. बाई चाळिशीच्या. गर्भाशयाची पिशवी काढायची म्हणून त्या दुसऱ्या दिवशी भरती होणार होत्या. कपड्यांची पिशवी बांधूनच आल्या होत्या. सगळं बोलणं नवराच करत होता. अर्चनानं त्याचं ऐकून घेतलं आणि खुर्ची बाईंकडे वळवली.

"ताई, तुमाले डॉक्टरले काय इचारायचं हाये?"

बाई पदराशी चाळा करत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "थोडं थांबलं तं चालते का?"

"मंग इचारलं काहून नाही?"

"ते घाईत रायतात."

अर्चनानं तो प्रश्न कागदावर लिहिला, कागद बाईंच्याच हातात दिला आणि त्यांच्याच फोनवरून डॉक्टरांचा नंबर लावायला सांगितला. बाईंनी वाचून विचारलं. पलीकडून डॉक्टर बराच वेळ बोलत होते. बाई नुसत्या "हो, हो" म्हणत होत्या. फोन ठेवून त्या नवऱ्याकडे वळल्या.

"ते म्हन्तात, भेव नाई. आधी तीन महिने गोया घेऊन पाहू म्हन्ले. तुमीच लवकर करा म्हन्त होते, म्हनून तारीख देल्ली म्हन्ले."

नवरा डोकं खाजवत हसला. "मले वाटलं, लवकर केलेलं बरं."

बाई उठल्या. कपड्यांची बांधलेली पिशवी त्यांनी उचलून नवऱ्याच्या हातात दिली. "चाला घरी. म्हशीचं दूध काढाची येळ झाली."

अर्चना त्यांना फाटकापर्यंत सोडून आली. "सर, तीन महिन्यांनी त्याइले पिशवी काढावी लागनही," ती म्हणाली. "पन ते तवा पाहू." मग ती पायरीवर बसली, चपला काढल्या, आणि बाजेवर झोपी गेलेल्या वडिलांच्या उशाशी निवत ठेवलेला चहा उचलून एका दमात पिऊन टाकला. आतून आई ओरडली, "अवं, तो त्याइचा व्हता!"

"दुसरा कर," अर्चना म्हणाली, आणि पाय लांब करून उन्हात बसली.